भरीत-रोडगा आणि दर्यापारचे द्राक्षासव

चंपाषष्ठीला गौतमपुऱ्याला अक्काकडे जाण्याचा माझा नेम आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचे हे गाव. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे कुलदैवत खंडोबा. तेव्हा चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे त्या दिवशी भरताच्या रूपाने ताटात परत येते, याचा आनंद निराळा सांगायला नको.

या खेपेस कॅलिफोर्नियाहून आलेल्या भाच्याने मामासाठी म्हणून तांबड्या वाइनची बाटली आणली. अक्काने ती पाहिली आणि एवढेच म्हणाली, "स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत नको." तिचे धाकटे दीर दारूपायी गेले. तिच्या बोलण्यात सोवळ्यापेक्षा ही आठवण अधिक होती. भाच्याने वाद घातला नाही. नैवेद्य झाल्यावर बाटली ओसरीवर उघडली गेली.

वाइन सोनोमाच्या किनाऱ्याची, पिनो न्वार जातीच्या द्राक्षांची. तेथील पॅसिफिक महासागर थंड. त्याचे धुके आणि वारे मळ्यांना गारवा देतात. द्राक्ष सावकाश पिकते आणि त्यातला आंबटपणा टिकून राहतो. उष्ण मुलखात तोच लवकर उतरतो, साखर चढते आणि तिच्यामागून मद्यार्क वाढतो. या जातीचे साल पातळ, म्हणून रंग फिका आणि तुरटपणा बेताचा. वास तांबड्या फळांचा. मागून ओल्या मातीचा आणि अळंब्यांचा.

हे प्रकरण मराठी माणसाला अगदीच परके नाही. राजीव सामंत यांनी नाशिकला 'सुला' उभी केली तेव्हा त्यांना साह्य करणारे केरी डॅम्स्की हे सोनोमाचेच. तेथील पहिली वाइन २००० साली बाजारात आली. नाशिकला समुद्राचे धुके नाही. म्हणून पावसाळा सरताच वेलींची छाटणी करतात, हिवाळ्यातल्या गार रात्रींत घड पिकवतात आणि उन्हाळा तापण्यापूर्वी तोडून घेतात.

अक्काने प्याला हाती धरला नाही. दुरूनच वास घेतला आणि म्हणाली, "अमसुलाच्या जातीचे दिसते रे हे. भरताबरोबर जुळेल. पुरणपोळीबरोबर मात्र घेऊ नकोस, नुसते आंबट लागेल."

मी दोन्ही करून पाहिले. भरताचा धुरकट वास आणि वाइनचा मातकट वास एकमेकांना ओळख देत होते. आंबटपणाने तेल कापले जाऊन जीभ पुढच्या घासाला मोकळी झाली. रोडग्यावरच्या तुपाचेही तसेच. पुरणाच्या गोडीपुढे मात्र तीच वाइन पाणचट आणि आंबट झाली. आमची लसणाची तिखट शेव तोंडात टाकताच मद्यार्काची आग भडकली आणि फळाचा वास नाहीसा झाला. इंदूरकरांना हे रुचणार नाही, पण खरे आहे.

एक थेंबही न चाखता अक्काला हे कळले कसे? पन्नास वर्षे ती तुपापुढे कढी, वरणापुढे लिंबाची फोड आणि जड जेवणाअखेर सार ठेवीत आली आहे. विलायतेत ज्याचे मोठे शास्त्र मानतात, त्याची मूळ तत्त्वे तिच्या हातात होती.

आपल्या समाजात दोन पक्ष दिसतात. एकाला वाटते, वाइन पिणारा सुधारलेला आणि न पिणारा मागासलेला. दुसरा बाटलीचे नाव काढताच कानांवर हात ठेवतो. त्यातले काही मात्र दाराआड प्याले भरतात. मला दोघेही चुकलेले वाटतात. चवीची पारख करणे हे शहाणपणाचे काम. पिणे न पिणे हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलेच आहे. ज्या घराने दारूचे दुःख भोगले, त्याचा नकार कोणी रूढी म्हणून उडवून लावू नये.

ज्यांच्या घरी चालते त्यांनी ही वाइन जराशी गार करून, चौदा-पंधरा अंशांवर, थोडीच वाढावी. भरीत, अळंबी, बेताच्या मसाल्याचे मटण यांच्याशी ती जुळते. त्याच पंक्तीत न पिणाऱ्यासाठी अमसुलाचे सार तितक्याच अगत्याने असावे.

त्या दिवशी अक्काने मला सार वाढले. बाटली ओसरीवरच राहिली, आणि भरीत मात्र मी दोनदा मागून घेतले.