टक्केवारीत न दिसणाऱ्या बायका



निवडणूक आटोपली की ‘महिलांनी पुरुषांना मागे टाकलं’ असा मथळा हल्ली हमखास छापून येतो. आकडे खोटे नाहीत. १९६२च्या लोकसभेला पुरुषांचं मतदान सुमारे ६३ टक्के होतं, बायकांचं जेमतेम ४७. २०१९ मध्ये ही दरी मिटली. मुदित कपूर आणि शमिका रवी या अभ्यासकांनी या वाढीला मूक क्रांती म्हटलं. बिहारमध्ये २०१५च्या विधानसभेला बायका ६० टक्के, पुरुष ५३. कामासाठी परगावी गेलेल्या पुरुषांची नावं गावच्या यादीत राहतात, हेही त्यामागचं एक कारण आहे.

म्हणजे ही टक्केवारी यादीवर उभी आहे. जिचं नावच यादीत नाही, ती ‘मतदान न केलेल्यां’तही धरली जात नाही. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं अशीच गळाली. त्या ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगत होत्या.

आज नाव सांगतात, पण पत्ता कोणता सांगायचा? लग्न झालं की नाव माहेरच्या यादीत, बाई सासरी. फॉर्म ८ भरायचा तर राहत्या पत्त्याचा पुरावा हवा, आणि घराचे सगळे कागद सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. परित्यक्तांचं उलटं. आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या कितीतरी जणींचं नाव अजून सासरच्या गावी आहे. ज्या घरातून मारून हाकललं, त्याच गल्लीतल्या शाळेत जाऊन मत द्यायचं! ती जात नाही. आकडेवारीत ती ‘उदासीन मतदार’ ठरते. हा शब्द वाचला की मला चीड येते.

मतदानाच्या पलीकडचं तर कोणी मोजतच नाही. २०२४ मध्ये ५४३ पैकी ७४ बायका लोकसभेत निवडून आल्या, हे सगळ्यांना ठाऊक. पण ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं आपल्या राज्याचा कायदा सांगतो. ती किती गावांत खरोखर भरते आणि किती ठिकाणी घरोघर वही फिरवून सह्या घेतल्या जातात?

तेव्हा एक काम सुचवते. पुढच्या अंकापर्यंत प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतली मतदारयादी घेऊन घरोघर जावं. प्रत्येकीला दोनच प्रश्न विचारावेत : नाव कुठल्या यादीत आहे, आणि तिथं जाऊन मत देता येतं का? एकट्या राहणाऱ्या, माहेरी परतलेल्या आणि भाड्याच्या खोलीतल्या बायकांची नोंद वेगळी ठेवा. आणि हो, उत्तरं नवऱ्याकडून घेऊ नका.