गाजरगवताचा नाश आणि श्रावकाची यतना

श्रावण लागला की परंड्याच्या किल्ल्याभोवती, बार्शी रस्त्याच्या कडेने, गायरानात आणि ओढ्याकाठी बारीक पांढऱ्या फुलांचे एकच गवत माजते. गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी ही त्याचीच नावे. 1955 च्या सुमारास पुण्यात ते लोकांच्या लक्षात आले. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर ते देशभर पसरले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे त्याचा प्रवास धान्याच्या पोत्यांतून, आपल्याच व्यवसायाच्या वाटेने झाला म्हणायचा.

त्याचा उपद्रव सर्वज्ञात आहे. त्याने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो आणि गायरानातील कुसळी, पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवते मागे हटतात. गोशाळेला चारा देणे हा ज्या समाजाचा नित्याचा दानधर्म आहे, त्याला ही हानी लहान वाटू नये. तेव्हा हे गवत काढले पाहिजे, यात मला शंका नाही. वनस्पतिकायाची जी हिंसा त्यात घडते, ती गृहस्थाच्या आरंभी हिंसेत मोडते. विचार करायचा तो काढण्याच्या रीतीचा, कारण गवताबरोबर आणखी किती जीव जातात हे रीतीवर ठरते.

सर्वांत सोपी रीत आगीची. आचार्य हेमचंद्रांच्या ‘योगशास्त्रा’त श्रावकाला वर्ज्य अशी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत दवदान, म्हणजे रान पेटवणे, आहे. हे दवदान दोन प्रकारचे मानले आहे: व्यसनाने केलेले आणि पुण्यबुद्धीने केलेले. स्वच्छता मोहिमेच्या नावाने पेटवलेला माळ दुसऱ्या प्रकारात बसतो. त्यात मुंग्या, गोगलगायी, सरडे होरपळतात. जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीचे घरटेही वाचत नाही. जेसीबीने माती खरवडण्याचा परिणाम फारसा वेगळा नाही. आणि इतके करून साधते काय? एका झाडाला हजारो बिया धरतात व त्या मातीत काही वर्षे तग धरून राहतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती मुदत ठेव आहे. जमीन उघडी पडली आणि पाऊस झाला की ती ठेव सव्याज परत मिळते, कारण मोकळ्या जागेत सर्वांआधी उगवणारे गवत बहुधा हेच असते.

तणनाशकांचा प्रश्न आपल्या दुकानांपर्यंत येतो. आपल्यापैकी अनेकांची कृषी सेवा केंद्रे आहेत आणि त्याच पंधरा कर्मादानांत विषवाणिज्यही आहे. ग्लायफोसेट हे औषध ज्या हिरव्या वनस्पतीवर पडेल तिला बहुधा मारते, त्यामुळे गाजरगवताबरोबर मारवेलही जाते. पावसाच्या पाण्याबरोबर ते ओढ्यात उतरले तर बेडकांच्या पिल्लांना त्यातील सहायक द्रव्यांचा धोका असतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण चालकांमार्फतच व्हावा, असे बंधन घातले. टू-फोर-डी हे औषध गवतवर्गीय वनस्पती सोडून रुंद पानांच्या वनस्पती मारते. पण वाऱ्यावर उडालेला त्याचा तुषार शेजारच्या तुरीचेही नुकसान करतो. ‘गावठाण साफ करायचे आहे, काहीतरी जालीम द्या’ म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे सांगितले तर एखादा डबा कमी खपेल. तो तोटा सोसावा, असे माझे मत आहे.

मिठाचे पाणी फवारण्याचा उपाय आपल्या लोकांना निरुपद्रवी वाटतो. मीठ मात्र मातीतच राहते आणि पुढे तेथे चांगले गवतही नीट वाढत नाही.

निसर्गात या गवताला प्रतिस्पर्धी आहेत. टाकळा दाट उगवला की गाजरगवताला जागा उरत नाही. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांना टाकळ्याचा उपयोग नसला, तरी गायरानाला आहे. मेक्सिकोहून आणलेला एक लहान भुंगेरा 1984 मध्ये बंगळूरला सोडण्यात आला. तो पावसाळ्यात याची पाने खातो आणि कोरड्या दिवसांत मातीत निजून राहतो. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसल्याने बराच वाद झाला. चौकशीअंती त्या पिकाला मोठा धोका नाही असे ठरले. माती खरवडणारे आपण या मदतनिसालाही घालवतो.

उरते हाताने उपटणे. पाऊस पडून माती ओली असताना, फूल येण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे आणि तेथील मारवेल किंवा टाकळा राखावा. वेळ लागतो, मजुरी लागते. किड्यामुंग्यांवर पाय पडू नये एवढे बघत सावकाश जावे लागते. फुलापूर्वी उपटलेल्या झाडांचे कंपोस्ट होते. फुलावर आलेली झाडे ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकण्याची पद्धत मात्र थांबवावी. त्याने वाटभर बी पेरले जाते आणि पुढच्या वर्षी गवताची रांग ट्रॉलीच्या रस्त्यानेच उगवते.