एका खिशातून दुसऱ्या खिशात

नरिमन पॉइंटवरील एअर इंडियाची तेवीस मजली इमारत महाराष्ट्र सरकारला १६०१ कोटी रुपयांना देण्यास केंद्राने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. मंत्रालयाला २०१२ साली आग लागल्यापासून सरकारी खात्यांना जागेची अडचण आहे, हे खरे. मोक्याची ही वास्तू एखाद्या हॉटेलवाल्याच्या घशात गेली नाही, याचा आम्हांलाही आनंदच आहे. परंतु पैसा कोणाच्या खिशातून निघाला आणि कोठे गेला, हे पाहिल्यावाचून अर्थशास्त्राच्या जुन्या शिक्षकाला स्वस्थ बसवत नाही.

भूखंड समुद्र हटवून तयार केलेला, राज्याच्याच मालकीचा. त्यावर १९७४ साली उभी राहिलेली इमारत सार्वजनिक कंपनीची. म्हणजे जमीन जनतेची, इमारत जनतेची आणि गिऱ्हाईकही जनताच! वर राज्याने आपले सुमारे २९८ कोटींचे येणे सोडून दिले, ते वेगळेच. जानेवारी २०२२ मध्ये विमान कंपनी टाटांच्या हवाली झाली. तिच्या ६१,५६२ कोटींच्या कर्जापैकी टाटांनी १५,३०० कोटी उचलले आणि २,७०० कोटी रोख दिले. उरलेले ४६ हजार कोटींवर कर्ज केंद्राच्या एका स्वतंत्र कंपनीकडे वळवण्यात आले. सोबत या इमारतीसारखी मालमत्ताही, ती विकून कर्ज फेडण्यासाठी. चालता धंदा खाजगी मालकाकडे आणि बुडिताची भरपाई सरकारी तिजोरीतून, असा हा न्याय आहे. महाराष्ट्राच्या करदात्याने केंद्राचे कर भरून हा भार एकदा उचललाच होता; आता राज्याच्या तिजोरीतून तो दुसऱ्यांदा उचलीत आहे.

आणखी एक जुनी गोष्ट. १९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याची कल्पना मांडली, तेव्हा सरकारी कचेऱ्या तिकडे हलवणे हा तिचा कणा होता. १९७० साली सिडको स्थापन झाली. मंत्रालय मात्र जागचे हलले नाही, आणि नरिमन पॉइंटवर मनोऱ्यांमागून मनोरे चढत गेले. त्यांतलाच एक आता सरकार विकत घेते आहे. गडचिरोलीहून कैफियत घेऊन येणाऱ्या माणसाची पायपीट त्याने तसूभरही कमी होत नाही. निदान या इमारतीचा तळमजला तरी अशा अर्जदारांसाठी राखावा, तेथे त्यांचे अर्ज घेऊन पोच द्यावी, आणि त्यासाठी प्रवेशपत्राच्या रांगेत त्यांना उभे करू नये, अशी मागणी आपल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात लावून धरावी.