सेवेचा प्रवासखर्चही दानच

अमरावतीहून मेळघाटातल्या धारणीच्या आरोग्य शिबिराला निघालेला स्वयंसेवक परतवाडा, सेमाडोह करत सुमारे दीडशे किलोमीटर जातो. एसटीचं तिकीट असो वा पेट्रोल, पैसे त्याच्याच खिशातले. तेवढीच रक्कम त्याने करसवलतीस पात्र संस्थेला देणगी दिली असती, तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत वजावट मिळाली असती. प्रवासात खर्चली, म्हणून काहीच नाही. कायदा फक्त पैशाचं दान ओळखतो.

हे अन्यायाचं आहे.

अमेरिकेत सेवेसाठी स्वतःची गाडी चालवणाऱ्याला मैलामागे १४ सेंट वजावट मिळते. दर तुटपुंजा, १९९८पासून गोठलेला. पण तिथे प्रवास मान्य तरी आहे.

आपल्याकडे खोट्या बिलांची भीती रास्तच. त्यासाठी वार्षिक मर्यादा घाला, तिकिटासोबत संस्थेचा हजेरी-दाखला मागा. पण अकोला-अमरावतीहून मेळघाट चढणाऱ्यांचा खर्च हिशेबात धरा.