भंगारात देण्याआधी

आमच्या तेल्हाऱ्याकडे तिफण मोडली तर ती कोणी फेकत नाही. सुताराकडे नेतात, तो एखादं लाकूड बदलून देतो आणि ती पुन्हा शेतात जाते. संगणकाला मात्र हा न्याय नाही. तो एकदा सुरू होईनासा झाला की माळ्यावर जातो आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या गाडीवर, तोही किलोच्या भावाने.

माझं मत असं, की १९९० ते २००५ च्या सुमारास ज्या संगणकावर मराठी काम झालं, तो असा वजनावर विकू नये. आधी तो दुरुस्त करावा, घरातल्या नेटवर्कला जोडावा, त्यातलं मराठी बाहेर काढावं, आणि मग त्याचं काय करायचं ते ठरवावं.

कारण भाषेचं आहे. त्या काळात मराठी टंकायचं म्हणजे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी असे फाँट असत. फाइलमध्ये साठवलेली असत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच; फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवी. प्रत्येकाची मांडणी वेगळी. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे प्रमाण ठरवलं होतं. आज आपण वापरतो त्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. पण छपाईच्या दुकानांतून चालले ते हे फाँटच. त्यामुळे फाँट हरवला की मजकूर समोर असून वाचता येत नाही. मराठी कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

हे सुचायला कारण घडलं. आमच्या इथल्या एका डीटीपीवाल्याने दुकान बंद करताना विंडोज ९८ चा एक संगणक मला आणून दिला. त्यात लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, भजनी मंडळांची पत्रकं होती. शिवाय माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याने वर्षानुवर्षं जमवलेला वऱ्हाडी शब्दांचा संग्रह होता. तिफण, वखर, डवरणी, पऱ्हाटी... शेतीचे शब्द, बायाबापड्यांच्या बोलण्यातले शब्द. हस्तलिखित वह्या वाळवीने खाल्ल्या, पुस्तक छापायचं राहून गेलं. म्हणजे तो संग्रह जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण सुरू होत नव्हतं.

दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला, “सर, याले आता काई अर्थ नाई. भंगारात द्या अन् नवा घ्या.” पण बसला तो माझ्यासोबत. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसले (खोडरबर अर्थातच माझं!). मदरबोर्डवरची तीन व्होल्टची गोल बॅटरी बदलली. ती संपली की घड्याळ आणि सेटिंग्ज विसरली जातात. दोन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते, ते त्याने बदलले. त्या वर्षांतल्या अनेक बोर्डांना हा रोग आहे. पॉवर सप्लायचा डबा आणि जुना काचेचा मॉनिटर मात्र घरी उघडू नका. वायर काढल्यावरही आत जोराचा झटका देण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणाला, “काका, एवढा खटाटोप कशाला? डिस्क काढा, यूएसबीच्या जोडणीने लॅपटॉपला लावा, झालं.” त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डिस्कची नक्कल सर्वांत आधी करावी, आम्हीही केली. पण नुसत्या फाइली हाती येऊन भागत नाही. त्या पेजमेकरमध्ये बांधलेल्या, आणि मराठीच्या सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टात लावायचं एक कुलूप, डाँगल. कुलूप, पोर्ट आणि सॉफ्टवेअर एकत्र असतील तरच पान जसं होतं तसं उघडतं. कोणता शब्द मुळात कसा होता हे तपासायला ते मूळ पान लागतंच. म्हणून यंत्र जिवंत हवं.

आता जोडणीचं. सुदैवाने आपल्या राउटरमागची केबलची खाच जुन्या नेटवर्क कार्डालाही चालते. दोघं आपसात बोलून जुन्याला झेपेल तो वेग ठरवतात. अडचण पुढे आहे. जुन्या विंडोजची फाइली वाटून घेण्याची पद्धत, एसएमबी-१, ही २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्याची वाट ठरली, आणि आता नव्या विंडोजमध्ये ती मुळात बंदच असते. काही जण जुन्यासाठी ती नव्या संगणकावर पुन्हा चालू करतात. मला हे पटत नाही. म्हाताऱ्यासाठी जिना बांधावा, पण घराची भिंत पाडू नये! आम्ही नव्या लॅपटॉपवर एफटीपी चालू केलं. विंडोज ९८ ला ते मुळातच येतं. जुन्या संगणकाला घरातला पत्ता दिला आणि ‘गेटवे’चा रकाना कोरा सोडला. त्यामुळे तो घरातल्यांशी बोलतो, आंतरजालावर जात नाही. विंडोज ९८ ची सुरक्षेची मदत जुलै २००६ मध्येच थांबली आहे. त्याने अंगणापर्यंत फिरावं, वेशीबाहेर जाऊ नये.

खरं काम याच्या पुढचं, आणि ते आपल्यासारख्यांचं आहे. जुन्या फाँटचं युनिकोड करणारी साधनं आहेत, पण ती चुकतात. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाँटात आधी साठवली जाई. युनिकोडात ती अक्षरानंतर येते. रफाराचं याच्या उलट. आणि सगळ्यांत वाईट हाल आपल्या ‘ऱ्ह’चे. त्याला वेगळं न सांगितलं तर ‘पऱ्हाटी’ची ‘पर्हाटी’ होते आणि ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’. ज्याला हे शब्द ठाऊक नाहीत, त्याच्या नजरेतून हे सुटणार. पोरांना यंत्र कळतं, आपल्याला शब्द कळतात. दोघं एका टेबलाशी बसले तरच हे काम होईल.

इंग्लंडात ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयात १९८० च्या दशकातले बीबीसी मायक्रो चालू स्थितीत ठेवले आहेत आणि मुलं त्यांवर बसतात. तेच यंत्र १९८४-८५ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून भारतातल्या शाळांत आलं होतं. संग्रहालय उभारणं आपल्या आवाक्यातलं नाही, मान्य. पण गावातल्या वाचनालयाला, शाळेला एक टेबल, एक दुरुस्त संगणक आणि दोन निवृत्त माणसं परवडतात. शाळेचा जुना संगणक निर्लेखित करायच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: ‘आतलं मराठी बाहेर काढलं का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल द्या. तेही ई-कचरा रीतसर घेणाऱ्याकडे, कारण त्यात शिसं आहे.

आमच्या संग्रहाचं निम्मं काम झालंय. बाकीचं उन्हाळ्यात दुपारी, वीज असेल तेव्हा. तुमच्या माळ्यावर, मामाच्या बंद पडलेल्या दुकानात असा एखादा डबा असेल, तर या आठवड्यात फक्त खाली उतरवा आणि त्यावर कोणी काय टंकत होतं ते घरात विचारा. नातेवाइकांपैकी कुणाला मदत हवी असेल तर सरळ फोन करा. खोडरबर घेऊन येतो.