नाममात्र सारथी

अमेरिकेतील अॅरिझोना राज्याच्या टेम्पे शहरात १८ मार्च २०१८ च्या रात्री, उबर कंपनीच्या चाचणीवरील एका स्वयंचलित मोटारीने सायकल ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा बळी घेतला. चालकाच्या आसनावर कंपनीने नेमलेली एक महिला बसली होती. गाडी हाकणे हे तिचे काम नव्हते. यंत्र चुकलेच तर ते सावरणे, एवढेच होते. पुढे २०२३ मध्ये तिने न्यायालयात दोष मान्य केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा भोगावी लागली. कंपनीवर फौजदारी खटला भरण्यास आधार नाही, असा निर्वाळा सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच दिला होता.

त्या चालकाची कैफियत मांडण्याचा आमचा हेतू नाही. ती आपल्या फोनकडे वारंवार पाहत होती, हे तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत सिद्ध झाले आणि अपघाताचे प्रमुख कारण म्हणून मंडळाने तेच नोंदविले. परंतु त्याच चौकशीत जे आणखी बाहेर आले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. त्या महिलेची चाहूल यंत्रास धडकेपूर्वी ५.६ सेकंद आधीच लागली होती. पण ही आकृती म्हणजे वाहन, सायकल की अन्य काही, याचा निर्णय त्याला करता येईना. गाडीच्या मूळ बांधणीतील आपोआप ब्रेक लावणारी योजना चाचणीच्या वेळी बंद ठेवली जात असे. आणि पूर्वी अशा मोटारीत दोन माणसे असत, ती कमी करून कंपनीने एकच ठेवले होते.

ज्याला करावयास काही नाही, त्याने तासन्‌तास डोळ्यांत तेल घालून बसावे, ही अपेक्षाच मुळी मनुष्यस्वभावाला धरून नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या चुका का होतात, याचा शोध ब्रिटनमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी घेतला; अर्ध्या तासातच लक्ष ढळू लागते असे त्यांना १९४८ मध्ये दाखविता आले. आमच्याकडे रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी माळ्यावर रात्र काढणारा शेतकरी हे कोणत्याही प्रयोगावाचून जाणतो. तो मधून मधून हाळी देतो, ती डुकरांना पळविण्यासाठी जितकी, तितकीच स्वतःची झोप उडविण्यासाठी!

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. पट्टा सांभाळणाऱ्या, पुढील वाहनापासून अंतर राखणाऱ्या, स्वतःहून ब्रेक लावणाऱ्या मोटारी भारतात काही वर्षांपासून विकल्या जात आहेत. (पावसाळ्यानंतर आमच्या रस्त्यांवरील पट्टे शोधण्यास माणसाचे डोळेही पुरत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) चालकविरहित मोटारींना देशात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये सांगितले. चालकांच्या पोटाची ही काळजी आम्हांस मान्य आहे. तथापि, चालकाला घरी बसविणारी मोटार वेशीवर अडविली, तरी त्याला जागेवरच अर्धवट निरुद्योगी करणारी मोटार केव्हाच वेशीच्या आत आली आहे.

ब्रिटनने २०२४ मध्ये कायदा करून सीमारेषा आखली. ज्या मोटारीला सरकारने स्वयंचलित म्हणून मान्यता दिली, ती स्वतः चालत असताना जे करील त्याबद्दल आत बसलेल्यावर फौजदारी गुन्हा नाही. उत्तर द्यावयाचे ते मान्यता घेणाऱ्या संस्थेने. इतर मोटारींत जबाबदारी चालकाचीच. परंतु अशी मोटार स्वयंचलित असल्याचा भास निर्माण करून विकणे, हा गुन्हा. आमचा १९८८ चा मोटार वाहन कायदा परवानाधारक माणूस तेवढा ओळखतो. विक्रेत्याने जाहिरातीत निश्चिंतपणाचे आमिष दाखवावे आणि सोबतच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत सारा भार चालकावर टाकावा, हा दुटप्पीपणा त्यात सहज खपून जातो.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाने अशा जाहिरातींना प्रथम पायबंद घालावा. आणि अपघाताच्या पंचनाम्यात, त्या क्षणी गाडीतील यंत्रणा चालू होती की बंद, चालकाला इशारा मिळाला होता काय व किती सेकंद आधी, याची नोंद सक्तीची करावी. गाडीच्या संगणकातील ही माहिती कंपनीच्या माणसांनी हाताळण्यापूर्वी पोलिसांच्या ताब्यात आली पाहिजे.