नकाशात न दिसणारा समुद्र

वरळी कोळीवाड्यासमोर, क्लीव्हलँड बंदरापाशी, सागरी किनारा मार्गाच्या पुलाचे खांब परस्परांपासून 60 मीटरांवर उभे करावयाचे ठरले होते. वारा, प्रवाह आणि खडक सांभाळीत एवढ्या जागेतून होड्या नेणे धोक्याचे आहे, असे कोळी बांधव सांगत राहिले. 2021 साली तर त्यांनी समुद्रात जाऊन काम रोखले. 2022 च्या अखेरीस सरकारने एक खांब गाळून 120 मीटरांचे अंतर मान्य केले. त्यांची मागणी याहून मोठी होती, हेही नमूद केले पाहिजे.

ही गोष्ट नकाशा आखतानाच का कळू नये? त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर केले. उपग्रहचित्रांवरून किनाऱ्याची झीज ओळखता येते, तिवरांचे क्षेत्र मोजता येते. या विद्येचे आम्ही स्वागतच करतो. परंतु जाळे कोठे टाकावयाचे, भरतीच्या पाण्याखालचा कोणता खडक होडीचा वैरी, हे आकाशातून दिसत नाही. जाळी वाळविण्याचे अंगण तेथून नुसती मोकळी जागा दिसते, आणि या शहरात मोकळ्या जागेचे पुढे काय होते हे वाचकांस सांगावयास नको! 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने कोळी वसाहतींच्या दीर्घकालीन घरगरजांचे आराखडे करावयास सांगितले होते. तेही कोळ्यांस वगळून कसे होणार?

आता वर्सोव्याहून भाईंदरपर्यंत मार्ग न्यावयाचा आहे. तेथे समुद्रात खांब रोवण्यापूर्वी महापालिकेने आपले नकाशे मराठीत प्रत्येक कोळीवाड्यात मांडावेत आणि तेथल्या नाखव्यांबरोबर होडीतून फिरून ते तपासून घ्यावेत.